‘नीर’ हे नाव मुलीचं की मुलाचं?

पत्र

आमची मुलगी सव्वा महिन्याची झाली तरी तिला अजून नाव नाही. मला ‘नीर’ हे नाव फार आवडलंय. पण आई म्हणते, “हे तर मुलाचं नाव वाटतं. पाणीच हवं असेल तर निदान नीरजा ठेव.” नवऱ्याचा आक्षेप वेगळा आहे. त्याच्या नोकरीमुळे आम्ही दर तीन-चार वर्षांनी देश बदलतो. तो म्हणतो, जाऊ तिथे हिला मुलगा समजतील आणि हिचा जन्म दुरुस्त्या करण्यात जाईल. दोघांचंही म्हणणं मला कळतं, पण पटत नाही. नावाच्या नुसत्या आवाजात खरंच बाई-पुरुष असतो का, की हा सगळा सवयीचा भाग? मी काय करू?

— नावावर अडलेली आई

उत्तर

पत्र वाचल्यावर मी आधी ‘नीर’ हे नाव चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. एका श्वासात येतं, जीभ कुठे अडखळत नाही. तेव्हा आधीच सांगते: ठेवा. कारणं मात्र सविस्तर देते, कारण आईंना आणि तुमच्या नवऱ्याला “ताई म्हणाल्या” एवढं पुरणार नाही आणि पुरूही नये.

आधी आईंचं बघू. त्यांचा कान चुकलेला नाही, हे मनापासून मान्य करा. लहानपणापासून आपण जी नावं ऐकतो त्यांत महेश, अमोल, सचिन, विनायक एका बाजूला असतात आणि सुनीता, स्वाती, मेघना, वैशाली दुसऱ्या बाजूला. मुलाचं नाव व्यंजनावर येऊन थांबतं, मुलीचं आ किंवा ई वर मोकळं होतं. ही घडण संस्कृतातली. तिथे अकारान्त पुल्लिंगी शब्दाला आ किंवा ई हा स्त्रीप्रत्यय लागतो: अनिल–अनिला, देव–देवी, नीरज–नीरजा. संस्कृतात ‘नीरज’मधला शेवटचा अ उच्चारला जायचा, मराठीनं तो गिळून टाकला. त्यामुळे मुळात जो फरक ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ एवढाच होता, तो आपल्या कानाला व्यंजन आणि स्वर असा जास्तच ठळक ऐकू येतो. सिंहली भाषेनं तो अ गिळला नाही. म्हणून आपले अरविंद आणि अर्जुन श्रीलंकेत अरविंदा डिसिल्व्हा आणि अर्जुना रणतुंगा होतात. नावं तीच, मूळ तेच, पण रोमन लिपीत ती वाचणाऱ्या स्पॅनिश माणसाला दोन्ही बायकांची वाटण्याची शक्यता दाट.

एक गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या एका जुन्या संस्कृत ग्रंथात, नाव कसं असावं याचे नियम आहेत आणि त्यांतले बरेचसे चक्क ध्वनीचे आहेत. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं, आरंभी घोष वर्ण (म्हणजे म्हणताना गळा कंप पावतो असा), मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादा अंतस्थ. मुलीचं नाव विषम अक्षरांचं, शेवटी आ. आता तुमची दोन नावं शेजारी मांडा. नीर: दोन अक्षरं, सुरुवातीचा न घोष, पुढचा र अंतस्थ. नीरजा: तीन अक्षरं, शेवटी आ. सूत्र वाचलेलं असो वा नसो, आईंच्या कानात ते जसंच्या तसं मुरलेलं आहे! त्यामुळे त्यांना ‘तुला काही कळत नाही’ या सुरात उत्तर देऊ नका. त्या एका फार जुन्या ऐकण्याच्या बाजूनं बोलताहेत.

पण त्याच परंपरेतल्या सर्वांत लाडक्या नावांकडे बघा. सीता, राधा, उमा, रमा, गौरी. सगळी दोन अक्षरी, आणि गौरीच्या शेवटी तर आ सुद्धा नाही. उलट बाजूला रवी, हरी, मारुती, विष्णू, शंभू हे सगळे स्वरान्त पुरुष, आणि शिवाजी, तानाजीसारखी ‘जी’वर संपणारी नावं तर विचारूच नका. कृष्णा हे पुरुषाचंही नाव आणि नदीचंही. नियमाच्या नाकावर टिच्चून ही नावं शतकानुशतकं नांदताहेत.

आईंसाठी याहून जवळचा मुद्दा आहे. कमल, कुसुम, कुमुद, सुमन ही नावं त्यांना चांगली ओळखीची असणार. सगळी व्यंजनान्त आणि सगळी बायकांची. हे कसं झालं? ही फुलांची नावं आहेत. संस्कृतात कमल, कुसुम, कुमुद हे शब्द नपुंसकलिंगी. ‘ते कमळ’ आपण मराठीतही म्हणतोच. शब्दाला स्वतःचं पुरुषपण नसल्यामुळे तो मुलीच्या नावात सहज शिरला आणि दोन पिढ्यांत तिथलाच होऊन गेला. ‘कुसुम’ ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे पुरुष येत नाही. ‘नीर’सुद्धा नपुंसकलिंगी. ‘ते नीर’. तुमची मुलगी कमल-कुसुमच्या ओळीत बसणार आहे, ती काही नवी ओळ सुरू करत नाहीये. आईंना एवढंच सांगा. मला वाटतं, त्यांना ते लगेच पटेल.

आता नवऱ्याचा प्रश्न, म्हणजे देशोदेशीचा. इथे एक आधार मिळतो तो असा की प्रत्येक भाषेचा साचा वेगळा आहे, त्यामुळे सगळीकडे बरोबर ओळखलं जाईल असं नाव मिळणं जवळजवळ अशक्य आहे. आपण ज्या ‘आ’वर एवढे विसंबून असतो त्याचंच बघा. निकिता आपल्याकडे मुलगी. रशियात निकिता हा बाप्या, कारण ते नाव ‘विजेता’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. सोव्हिएत संघाचे नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. रशियन लोक अलेक्झांडरला लाडानं साशा म्हणतात, मिखाईलला मिशा. फिनलंडमध्ये मिका, पेक्का, युक्का हे पुरुष. हंगेरीत बेला आणि अत्तिला पुरुष. इटलीत लुका, निकोला आणि आंद्रेआ पुरुष, तर जर्मनीत आंद्रेआ बाई. सिमोन म्हटलं की फ्रान्समध्ये बाई आठवते, आणि तेच स्पेलिंग इटलीत ‘सिमोने’ असं वाचून पुरुषाला लावतात. जाँ हा फ्रेंच पुरुष, त्याच अक्षरांची जीन ही इंग्रज बाई. अरबीत स्त्रीलिंगाची खूण म्हणून शेवटी एक खास अक्षर येतं, पण हमझा आणि तल्हा या पुरुषांच्या नावांतही ते आहे आणि झैनब, मरियम या बायकांच्या नावांत नाही. स्पॅनिश तर ओ म्हणजे पुरुष, आ म्हणजे बाई असं छातीठोक सांगणारी भाषा. तरी रोसारिओ आणि कोन्सुएलो या बायका, कारण ही नावं मेरी मातेच्या बिरुदांवरून आलेली.

जपानी उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ‘को’ हा शेवट जपानीत बाईच्या नावाची जणू मोहोर आहे: योको, केइको, हानाको. विसाव्या शतकात तर ‘को’वाल्या मुलींच्या पिढ्याच्या पिढ्या वाढल्या. पण ६०७ साली जपानच्या दरबारानं चीनच्या सुई राजघराण्याच्या दरबारात जो दूत पाठवला, त्याचं नाव ओनो नो इमोको. पुरुष! त्या काळी ‘को’ पुरुषांनाही लागत होता. तोच शेवट, तीच भाषा, फक्त काळ बदलला आणि आवाज इकडचा तिकडे गेला.

इंग्रजीत हे आणखी जवळच्या काळात घडलं. लेस्ली, ॲशली, बेव्हर्ली ही आधी पुरुषांची नावं होती. एकदा मुलींना ठेवायला लागले की मुलांचे आईबाप ती सोडून द्यायचे. प्रवास बहुतेक वेळा एकाच दिशेनं, मुलांकडून मुलींकडे. याचं कारण आवाजात शोधून सापडणार नाही. ‘मुलाला मुलीचं नाव’ ही नामुष्की मानली गेली आणि ‘मुलीला मुलाचं नाव’ ही ऐट, हे त्याचं कारण, आणि ते मला बोचतं. हे स्थित्यंतर चालू असतानाचं एक जोडपं प्रसिद्ध आहे. इंग्रज कादंबरीकार इव्हलिन वॉ यांनी १९२८ मध्ये ज्या मुलीशी लग्न केलं तिचंही नाव इव्हलिनच. मित्रमंडळी त्यांना ‘तो इव्हलिन’ आणि ‘ती इव्हलिन’ म्हणत.

म्हणजे सगळी सवयच का? तुमच्या प्रश्नाचा हा भाग अवघड आहे. मी पूर्ण ‘हो’ म्हणणार नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजी नावांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. ॲन कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की इंग्रजीत बायकांची नावं पुरुषांच्या नावांपेक्षा लांब असतात, त्यांचा पहिला अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, बऱ्याचदा बिनआघाताचा, जोर न देता म्हटला जाणारा असतो (एलिझाबेथ, पट्रिशिया किंवा रिबेका म्हणून बघा), आणि आघाताच्या जागी ‘ई’ हा स्वर त्यांत जास्त आढळतो. या ‘ई’मागे एक तर्क आहे. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, तोंडातली पोकळी लहान होते, आवाज बारीक लागतो. ‘आ’ किंवा ‘ऑ’ला तोंड मोठं उघडतं, आवाज भरदार होतो. एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये लोकांना ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द टेबलांची नावं म्हणून देऊन विचारलं, यातलं मोठं टेबल कुठलं? बहुतेकांनी ‘माल’ सांगितलं. पुढे जॉन ओहाला यांनी मांडलं की बारीक आवाज म्हणजे लहान देह आणि जाड आवाज म्हणजे मोठा देह ही सांगड प्राण्यांतही दिसते, म्हणून ती आपल्या ऐकण्यात खोल रुजलेली असावी.

असाच दुसरा धागा गोल आणि टोकदार आवाजांचा. ‘बुबा’ आणि ‘किकी’ हे शब्द आणि एक गोलसर, एक काटेरी आकृती दिली की लोक बुबा गोलाला लावतात. अलीकडे हा प्रयोग २५ भाषांच्या ९१७ लोकांवर झाला. सुमारे ७२ टक्के वेळा जोडी तशीच लागली. पण तुर्की, रुमानियन आणि मँडरिन बोलणाऱ्यांत ती लागलीच नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजीत बायकांच्या नावांत ल, म, न असे वाहते, मऊ वर्ण जास्त सापडतात.

आता या तराजूत ‘नीर’ घालून बघू. दीर्घ ई आहे, म्हणजे बाईकडे झुकतं. न आणि र दोन्ही वाहते, पुन्हा बाईकडे. एकच अवयव आहे, इतकं आखूड नाव इंग्रजी कानाला जॅक किंवा जिमच्या जवळचं, म्हणजे पुरुषाकडे. शेवटी व्यंजन, तेही पुरुषाकडे. पण ॲन, जेन, रूथ, क्लेअर या बायका अशाच आखूड आणि व्यंजनान्त आहेत. म्हणजे इंग्रजी बोलणारा माणूस ‘नीर’ ऐकेल तेव्हा त्याच्याकडे ठाम उत्तर नसेल, तो थांबून विचारेल. हिब्रू बोलणारा मात्र मुलगाच म्हणेल, कारण त्या भाषेत नीर हे पुरुषाचं नाव आहे, अर्थ नांगरलेलं शेत. तुर्की माणसाला काही फरक पडणार नाही. त्यांच्याकडे देनिझ, म्हणजे समुद्र, हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही. तिथे ‘तो’ आणि ‘ती’ यांना सर्वनामही एकच. तुमच्या लेकीला पाण्याच्या नावाची एखादी मैत्रीण मात्र तिथे नक्की भेटेल.

मला जे सांगायचंय ते असं: आवाजात थोडंसं वजन आहे, पण ते एवढं हलकं आहे की कुठलीही भाषा, कुठलीही पिढी ते सहज उचलून दुसऱ्या पारड्यात टाकते. त्या वजनापायी आवडलेलं नाव सोडू नये.

नवऱ्याला कायद्याचीही काळजी असेल तर एक निकाल सांगते. नाव ऐकून तुम्हाला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल. जर्मनीत एका भारतीय वंशाच्या जोडप्याला मुलीचं नाव ‘किरण’ ठेवायचं होतं. नोंदणी कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, लिंग स्पष्ट करणारं आणखी एक नाव जोडा. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं. डिसेंबर २००८ मध्ये निकाल लागला: नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर आईबापांना नाव ठेवण्याचा हक्क आहे. आइसलँडमध्ये एका मुलीचं नाव ‘ब्लायर’ ठेवलं होतं, अर्थ हलका वारा. त्यांच्या भाषेत तो शब्द पुल्लिंगी, म्हणून सरकारी नाव समितीनं ते नाकारलं आणि तिच्या कागदपत्रांवर नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं होतं. २०१३ मध्ये न्यायालयानं तिला तिचं नाव दिलं आणि २०१९ मध्ये तिथे नावांवरचं लिंगाचं बंधनच उठलं. ही हकीकत वाचताना मला राहून राहून वाटत होतं, तीच मराठीत ‘झुळूक’ असती तर स्त्रीलिंगी म्हणून कुणी हरकतच घेतली नसती.

आता दुरुस्त्यांविषयी, कारण ही काळजी खरी आहे आणि मी ती अनुभवली आहे. माझं नाव सुमन. मराठीत ते निःसंशय बाईचं. हिंदी आणि बंगालीत पुरुषही सुमन असतात, हे मला फार वर्षांपूर्वी एका परप्रांतातल्या कार्यशाळेला गेले तेव्हा कळलं. राहायच्या खोलीच्या दारावर दोन नावांची चिठ्ठी चिकटवलेली होती, माझं आणि एका वयस्क प्राध्यापकांचं. ते दारात, मी दारात, दोघांच्या हातात आपापल्या बॅगा. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझ्या धाकट्या भावाचं नाव सुमन आहे.” दहा मिनिटांत दुसरी खोली मिळाली. त्या क्षणी मला राग आला होता. पण त्यानंतर आम्ही तासभर नावांवरच बोलत बसलो, आणि या विषयाची मला जी ओढ आहे ती तिथून सुरू झाली. पत्रांवर ‘श्री.’ आजही अधूनमधून येतं. एका ओळीचं उत्तर लिहिलं की काम होतं. एवढंच खरं सांगते, शाळेच्या वयात असं झालं तर काही मुलांना लागतं. नीरला तसं वाटलं तर तिचं ऐकून घ्या, “त्यात काय एवढं” म्हणू नका. तिला नावाची गोष्ट माहीत असेल, अर्थ सांगता येत असेल, तर ती स्वतःच उत्तर देईल.

‘कागदावर नीरजा आणि घरात नीर’ असा मधला मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. मला तो आवडत नाही. परक्या देशात अनोळखी माणसं कागदावरच्याच नावानं हाक मारतात. म्हणजे तुम्हाला आवडलेलं नाव तिला फक्त घरात ऐकू येईल.

आणि मराठीत तर गोंधळाला जागाच नाही. इंग्रजीत किंवा तुर्कीत वाक्य संपलं तरी क्रियापद काही सांगत नाही. मराठी पहिल्याच क्रियापदात सांगून टाकते. ‘नीर आली.’ ‘नीर झोपली का?’ नावानं जे सांगितलं नाही ते भाषा सांगते, म्हणून मराठीला अशी नावं सहज पेलतात. हाकेतही तसंच. किरण मुलगा असला तर त्याचा किऱ्या होतो, मुलगी असली तर ‘किरणे’ अशी हाक येते. माझी आई मला ‘सुमे’ म्हणायची. त्या ए मध्ये माझं बाईपण होतं, धाक होता, आणि जेवायला बोलावणंही होतं.

तेव्हा आज संध्याकाळी आईंना वाद घालायला लावू नका. बाळ त्यांच्या मांडीवर द्या आणि म्हणा, नाव आवडो न आवडो, एकदा हाक मारून बघ. ‘नीरे’ म्हणतात की ‘नीरू’, ते मला नक्की कळवा.

— सुमन